अठरा मीटर आणि साठ लाख टर्की

आधुनिक धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचं वजन असतं सुमारे २६ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ८५ मीटर. ताशी हिशेब केला तर ३०६ किलोमीटर. समोर १८ मीटरवर रानटर्कीचा नर उभा असेल, तर त्याच्यापर्यंत पोचायला या बाणाला ०.२१५ सेकंद पुरतात. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ. पण त्या क्षणापर्यंत पोचण्यासाठी शिकाऱ्याला पहाटेच्या अंधारात जाऊन बसावं लागतं, तासन्‌तास अंग न हलवता वाट पाहावी लागते. आणि बहुतेकांचे कितीतरी दिवस एकही बाण न सोडता जातात.

आता दुसरे आकडे पाहा. युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत रानटर्की होत्या अंदाजे १ कोटी. १९३०च्या दशकात त्या उरल्या सुमारे २ लाख. म्हणजे दर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गेल्या. आज त्यांची संख्या पुन्हा ६० लाखांच्या घरात आहे.

०.२१५ सेकंद आणि ६० लाख पक्षी, या दोन टोकांच्या आकड्यांना जोडणारा धागा आहे मर्यादेचा. धनुष्य घेऊन बसलेला माणूस आपल्या हत्याराची मर्यादा स्वखुशीने पत्करतो. अमेरिकेतल्या राज्यांनी विसाव्या शतकात अशाच मर्यादा कायद्याने घालून घेतल्या आणि म्हणून हा पक्षी उरला. शिकार म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर संहार येतो, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. टर्कीच्या बाबतीतही आधी संहारच झाला. म्हणून तर पुढचे आकडे मला फार मोलाचे वाटतात.

पाच हजार पिसं, तीनशे अंशांची नजर

रानटर्कीचा पूर्ण वाढलेला नर साधारण ८ ते १० किलोचा असतो, मादी ४ किलोच्या आसपास. अंगावर ५,००० ते ६,००० पिसं. शेपटीत १८ मोठी पिसं. नर रंगात आला की ती पंख्यासारखी उभी करतो, छाती फुगवतो, पंखांची टोकं जमिनीला घासत पावलं टाकतो. छातीवर काळ्या राठ केसांचा झुपका लोंबत असतो. ती त्याची ‘दाढी’. खरं तर तीही पिसंच, वर्षाला साधारण १० सेंटिमीटर वाढणारी.

एवढं जड शरीर घेऊन हा पक्षी ताशी ४० किलोमीटर वेगाने पळू शकतो. उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमी धावेचा सरासरी वेग होता ताशी ३७.६ किलोमीटर. उडताना, थोड्या अंतरापुरता का होईना, टर्की ताशी ८८ किलोमीटरपर्यंत जाते.

नराचं डोकं जवळजवळ बिनपिसांचं असतं आणि त्याचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो. तांबडं, पांढरं, निळं. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या किंवा आक्रसल्या की कोलॅजेनच्या तंतूंमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाच्या नजरेत भरली होती. १६१२ साली मुकर्रब खान गोव्याहून जहांगीरच्या दरबारात काही नवलाईच्या वस्तू आणि प्राणी घेऊन गेला. पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यात आलेला एक टर्की नर त्यांत होता. त्याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं, अशी नोंद जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकेच्या जंगलातला हा पक्षी मुघल चित्रकलेत आला तो आपल्या गोव्याच्या वाटेने.

धनुर्धराची मात्र खरी गाठ पडते ती या पक्ष्याच्या डोळ्यांशी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे टर्कीला मान न वळवता जवळजवळ ३०० अंशांचा परिसर दिसतो. मान किंचित फिरवली की वर्तुळ पूर्ण. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशी तीन प्रकारच्या असतात, टर्कीच्या डोळ्यात त्याहून जास्त. आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचाही काही भाग तिला दिसतो. कपडे उजळ करणारी धुण्याची पावडर शिकारी टाळतात ती यामुळेच. आणि धनुष्य ताणायचं म्हणजे हात अर्ध्या मीटरहून जास्त मागे ओढायचा. बंदूकवाला नुसतं बोट हलवतो. धनुर्धराला या नजरेसमोर खांदा, कोपर आणि पाठ हलवावी लागते.

दीड किलोमीटरवरून आलेली साद

वसंतात, पहाटे फटफटायच्या आधी, झाडावर रात्र काढलेला नर साद घालतो. वारा पडलेला असेल तर ती दीड किलोमीटरवर ऐकू येते. या पक्ष्याच्या वेगवेगळ्या आवाजांचा अभ्यास झाला आहे आणि अभ्यासकांनी असे २८ आवाज वेगळे ओळखले आहेत. मादीची साधी हाक, झाडावरची झोपाळू कुजबुज, खाली उतरल्यावरची खडखडाटी, पिल्लांना बोलावणं, धोक्याचा टणत्कार.

शिकारी यांतले पाचसहा आवाज शिकतो. त्यासाठी लागणारी साधनं अगदी साधी आहेत. लाकडाची लांबट पेटी आणि तिच्यावर घासणारं झाकण. हेन्री गिब्सन नावाच्या आर्कान्सामधल्या माणसाने तिचं पेटंट १८९७ साली घेतलं, आणि आजही पेट्या जवळपास त्याच घडणीच्या असतात. पाटीच्या दगडाची चकती आणि तिच्यावर फिरवायची काडी. किंवा टाळूला चिकटवायचा रबराचा पातळ पडदा. हा पडदा धनुर्धराच्या खास कामाचा, कारण त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात.

इथे माणूस निसर्गाचा रिवाज उलटा करायला निघालेला असतो. रानात नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीच्या आवाजात नराला म्हणतो, तूच ये. म्हणून नर पुष्कळदा साठसत्तर मीटरवर येऊन थबकतो, पिसारा फुलवून मिरवतो आणि मादी दिसायची वाट पाहतो. बंदूकवाल्याला तो आणखी वीसपंचवीस मीटर पुढे आला तरी पुरतं. धनुर्धराला मात्र तो १८ मीटरवर यायला हवा. सगळी परीक्षा या शेवटच्या वीस मीटरांत असते. त्या वेळी बोलावत राहिलं तर संशय येतो, गप्प राहिलं तर कुतूहल वाढतं. कधी गप्प बसायचं हे ज्याला कळतं, त्याच्याच समोर तो शेवटचं अंतर ओलांडतो.

साडेसात हजार वॉट

कंपाउंड धनुष्याचा शोध मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलनने लावला. पेटंटसाठी अर्ज १९६६ साली, पेटंट हातात आलं १९६९ साली. त्याने धनुष्याच्या टोकांना केंद्र सरकलेली चाकं बसवली. परिणाम असा, की आजच्या अशा धनुष्याची दोरी ओढताना सुरुवातीला २७ किलोचं बळ लागतं. पण पूर्ण ताणली की चाकं वळतात आणि ८० टक्के भार उतरतो. मग हातावर उरतात जेमतेम साडेपाच किलो. पक्षी झाडाच्या बुंध्याआड गेला, तर तो बाहेर येईपर्यंत ताणलेलं धनुष्य मिनिटभर धरून बसता येतं. जुन्या धाटणीच्या लाकडी धनुष्यात ही सोय नाही. तिथे सगळा भार बोटांवरच असतो.

सोडताना काय होतं ते पाहू. दोरी बाणाला ढकलते ५३ सेंटिमीटर. तेवढ्या अंतरात बाण शून्यावरून सेकंदाला ८५ मीटर वेगावर जातो आणि त्याला लागतात सुमारे १२ मिलिसेकंद. सरासरी त्वरण निघतं गुरुत्वाच्या जवळजवळ ७०० पट. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर सोसतात तीनचार पट. एवढ्या धक्क्यात बाणाची काडी लवते, परत उलट बाजूला लवते, आणि लवत-लवतच पुढे जाते. म्हणून धनुष्याच्या ताकदीला जुळेल अशा ताठपणाची काडी निवडावी लागते. हे जुळलं नाही तर उत्तम नेमबाजाचाही बाण भरकटतो.

बाणात उतरलेली ऊर्जा असते ९४ जूल. आकडा लहान दिसतो. पण ती ऊर्जा १२ मिलिसेकंदांत उतरते, म्हणजे शक्तीचा हिशेब होतो सुमारे ७,५०० वॉट, दहा अश्वशक्ती. माणसाने दोरी ताणली दीडेक सेकंदात, आपल्या नेहमीच्या शंभरेक वॉटच्या आत राहून. तीच मेहनत धनुष्याने शंभरपट कमी वेळात परत दिली. माणसाच्या हाताला शक्तीची जी मर्यादा आहे ती लाकूड, शिंग आणि तातीने ओलांडता येते, हे आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी ओळखलं. त्यांच्या बुद्धीपुढे मी नतमस्तक होतो.

तरीही बंदुकीपुढे हा आकडा चिमुकला आहे. टर्कीसाठी वापरल्या जाणाऱ्या बारा बोअरच्या काडतुसात साधारण ५० ग्रॅम छर्रे असतात. पाच नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्यांचं काडतूस असेल तर दाणे जवळपास ३००. हल्लीच्या टंगस्टनच्या बारीक छर्ऱ्यांत सहाशेहून जास्त. नळीच्या तोंडाशी त्यांची ऊर्जा ३,३०० जूलच्या आसपास, म्हणजे बाणाच्या पस्तीसपट. बंदूकवाल्याच्या नेमात किंचित चूक झाली तर तीनशे दाण्यांतले काही तरी बरोबर जागी पोचतात. धनुर्धराकडे एकच दाणा आहे.

दोन मिलिमीटरची चूक

पिसारा फुलवलेला नर भलामोठा दिसतो, पण त्यातलं बरंचसं आकारमान पिसांचं आणि हवेचं असतं. त्याचं हृदय आणि फुप्फुसं मावतात मोठ्या मोसंबीएवढ्या जागेत, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या गोलात. तीही छातीच्या मधोमध नसून, बाजूने पाहिलं तर पायाच्या रेषेवर वर, पंखाच्या मुळाशी. हरणाच्या शिकारीची सवय असलेला माणूस पुष्कळदा फार पुढे नेम धरतो आणि बाण नुसता मांसल छातीतून जातो.

१८ मीटरवरून ही १० सेंटिमीटरची जागा दिसते ०.३ अंशांची. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे नेम धरायचा तो चंद्रबिंबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश भागावर. डोळा आणि धनुष्यावरची नेमाची पिन यांत साधारण ७५ सेंटिमीटर अंतर असतं. पिन २ मिलिमीटर इकडची तिकडे झाली, की बाण त्या वर्तुळाबाहेर गेला. पहाटेची थंडी, दोन तास एकाच बैठकीत आखडलेले पाय, छातीतली धडधड, आणि चूक चालणार ती फक्त दोन मिलिमीटरची.

उंचीचा हिशेब वेगळाच. ०.२१५ सेकंदांत गुरुत्व बाणाला २३ सेंटिमीटर खाली खेचतं. २७ मीटरवर हीच घसरण होते ५१ सेंटिमीटर. नेम १८ मीटरसाठी लावलेला असताना पक्षी प्रत्यक्षात २७ मीटरवर असेल, तर बाण दहा सेंटिमीटरहून जास्त खाली जातो. म्हणून अनुभवी धनुर्धर उजाडल्याबरोबर आजूबाजूच्या खुणांची अंतरं लेझर यंत्राने मोजून ठेवतात. तो ओंडका पंधरा, ते झुडूप बावीस. पक्षी आला की मग मोजायला वेळ नसतो.

त्यात पुन्हा आवाज. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ३४३ मीटर वेगाने जातो आणि पक्ष्याच्या कानावर ०.०५ सेकंदात पडतो. बाण पोचतो त्यानंतर ०.१६ सेकंदांनी. सावध झालेला पक्षी तेवढ्या वेळात खाली दबू शकतो किंवा मान वळवू शकतो. म्हणून बाण सोडायचा तो पक्षी निर्धास्त असताना.

मग दोरी ताणायची कधी? याचं उत्तर मला या सगळ्या विद्येतलं सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं. शिकारी तंबूसारख्या काळ्या अस्तराच्या लपणात बसतो, अंगातही काळे कपडे, म्हणजे आतल्या अंधारात हालचाल विरून जाते. बाहेर दहाबारा मीटरवर तो तरुण नराचं खोटं रूप ठेवतो, तोंड लपणाकडे करून. आलेला दांडगा नर या पोरसवद्या प्रतिस्पर्ध्याला मागून भिडत नाही. वळसा घालून त्याच्या समोर येतो आणि डोळ्याला डोळा देऊन पिसारा फुलवतो. आता त्याची पाठ लपणाकडे आहे. त्याच्याच १८ पिसांचा पंखा त्याच्या डोक्यामागे उभा आहे. तीनशे अंशांच्या नजरेत पडदा पडला तो या पंख्याने, त्याच्याच मिजाशीने. शिकारी त्या सेकंद-दोन सेकंदांत दोरी ओढतो.

आणि खात्री नसेल तर बाण सोडत नाही. टर्कीला ओझरता बाण लागला तर ती उडून जाऊ शकते. पिसं रक्त शोषून घेतात, मागावर थेंब सापडत नाहीत आणि पक्षी कुठेतरी झुडपात तडफडून मरतो. धनुष्याच्या शिकारीवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे, ते म्हणजे अंतर. १८ मीटरच्या आत, स्थिर पक्ष्यावर, नाहीतर नाही. हा नियम जो पाळत नाही त्याने धनुष्य हातात घेऊ नये.

पिसांचा हिशेब

बाण सरळ जातो तो मागच्या पिसांमुळे. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांनी त्यासाठी टर्कीची पंखाची पिसं वापरली, आणि लाकडी धनुष्य वापरणारे धनुर्धर आजही पाळीव टर्कीचीच पिसं लावतात. कारण पीस ताठही असतं आणि धनुष्याला घासून जाताना दबतंही.

मूळनिवासींचं या पक्ष्याशी नातं शिकारीपुरतं नव्हतं. युटामधल्या ब्लँडिंगच्या संग्रहालयात नैर्ऋत्येच्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी विणलेलं, सुमारे ८०० वर्षांपूर्वीचं पांघरूण आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली त्याचा हिशेब मांडला. आकार साधारण एक मीटर बाय एक मीटर. आत युक्का वनस्पतीच्या धाग्याची जवळपास १८० मीटर दोरी, आणि त्या दोरीभोवती गुंडाळलेली सुमारे ११,५०० पिसं. एवढी पिसं ४ ते १० पक्ष्यांची. संशोधकांचा निष्कर्ष असा, की ही पिसं बहुधा पक्षी न मारता, पीस गळण्याच्या मोसमात जिवंत पक्ष्यांकडून वर्षानुवर्षं गोळा केली जात असावीत.

एक कोटीवरून दोन लाख

मग हा पक्षी संपत कसा आला? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीत बारा-तेरा किलोचा उत्तम पक्षी पाव डॉलरला विकला गेला तरी विकणारा खूश असे, अशी नोंद चित्रकार-पक्षितज्ज्ञ जॉन जेम्स ऑदुबॉनने केली आहे. बाजारासाठी बारमाही मारणं, रात्री झाडावर झोपलेल्या पक्ष्यांवर गोळ्या, शेतीसाठी जंगलतोड. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा पक्षी १८५१ साली माउंट टॉमवर मारला गेला. १९२०पर्यंत मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून टर्की नाहीशी झाली होती.

याच खंडात, याच काळात, प्रवासी कबूतर ३०० ते ५०० कोटींवरून शून्यावर आलं. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. टर्कीची वाट तीच होती.

पहिला उपाय फसला, आणि तो किती मोठ्या प्रमाणावर फसला हे पाहण्यासारखं आहे. पिंजऱ्यात वाढवलेल्या तीन लाखांहून अधिक टर्की सुमारे ८०० ठिकाणी सोडल्या गेल्या. ९५ टक्के ठिकाणी त्यांचा मागमूस उरला नाही. आईने शिकवलेली भीती त्यांच्याकडे नव्हती. झाडावर कधी चढायचं, कोल्ह्याची चाहूल कशी असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१९५१ साली दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात वेगळा प्रयोग झाला. मक्याचे दाणे टाकून रानातलेच पक्षी एकत्र आणायचे आणि छोट्या तोफांनी त्यांच्यावर जाळं उडवायचं. डोळ्यांनी आणि पायांनी एवढ्या तल्लख पक्ष्याला इजा न करता पकडण्याचा मार्ग सापडला. त्यानंतरच्या दशकांत जवळपास २ लाख रानटर्की पकडून नव्या ठिकाणी नेल्या गेल्या. यातले काही आकडे वाचताना मला आजही विश्वास बसत नाही. १९७२-७३मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आणलेले ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर टेकड्यांत सोडले. त्यांच्याच वंशातले पक्षी उचलून राज्यभर पसरवले. आज तिथे ३० हजारांच्या वर टर्की आहेत. म्हणजे पन्नास वर्षांत जवळजवळ दहा वेळा दुप्पट. न्यू हॅम्पशायरमध्ये १९७५ साली २५ पक्षी सोडले, आज ४० हजारांच्या आसपास. न्यू जर्सीत १९७७ साली २२ पक्षी, आज २० हजारांच्या वर. विस्कॉन्सिनने १९७६ साली मिसूरीला आपली रानकोंबडीसारखी ग्राउज पाखरं देऊन बदल्यात टर्की घेतल्या. पहिली तुकडी होती २९ पक्ष्यांची.

आणि मिसूरी? १९५०च्या सुरुवातीला तिथे अडीच हजारांहून कमी टर्की उरल्या होत्या. १९६० साली वसंतातला पहिला नियंत्रित हंगाम झाला. तीन दिवस, १४ काउंटी, मारलेले पक्षी ९४. २००४ साली त्याच राज्यात वसंतात मारलेले पक्षी होते ६०,७४४, आणि तरीही रान भरलेलं होतं.

अकरा टक्के

यासाठी पैसा शिकाऱ्यांच्या खिशातून आला. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. बंदुकांवर तो आज ११ टक्के आहे. १९७२ सालच्या दुरुस्तीने ही तरतूद धनुष्यबाणांनाही लागू झाली. कमाल ताण ३० पौंड किंवा जास्त असलेल्या धनुष्यावर कर ११ टक्के. राज्याने योजनेच्या खर्चाचा चौथा हिस्सा उचलला की उरलेले तीन हिस्से या निधीतून मिळतात.

१९७२ हे साल आपल्यालाही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळजवळ संपूर्ण बंद झाली. दोन देशांनी दोन वाटा धरल्या. आपली लोकसंख्या, आपली उरलेली जंगलं पाहता आपली वाट आपल्यासाठी योग्य आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पण त्यांच्या वाटेतली शिस्तही मान देण्याजोगी आहे. वसंतात फक्त दाढीवाले पक्षी मारायचे, म्हणजे जवळजवळ सगळे नर. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर गेले तरी पिढी थांबत नाही. सूर्योदयाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ असेल तर बंदूक किंवा धनुष्य उचलायचं नाही. प्रत्येक पक्ष्याची नोंद करायची.

मादीचं गणित

हे यश कायमचं नाही, आणि तसं मानणं धोक्याचं ठरेल. या शतकाच्या पहिल्या दशकात टर्कींची संख्या ७० लाखांच्या जवळ गेली होती. त्यानंतर ती उतरली. मिसूरीतले ६०,७४४ हे २०२१ साली ३५ हजारांच्या आसपास आले. कारण मादीच्या गणितात आहे. ती जमिनीवर घरटं करून १० ते १२ अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. अर्ध्याहून जास्त घरटी रॅकून, साप, कावळे यांच्या तोंडी जातात. पिल्लांना झाडावर चढण्याइतपत पंख फुटायला दोन आठवडे लागतात. तोवर रात्री जमिनीवर आईच्या पंखाखाली. उन्हाळा संपताना दर मादीमागे सरासरी दोन पिल्लं उरली तर संख्या टिकते. अकरा अंड्यांतून दोन. आग्नेयेकडच्या कित्येक राज्यांत हा आकडा दोनच्या खाली गेला आहे.

म्हणून राज्यं पुन्हा मर्यादा आवळू लागली आहेत. अलाबामाने २०२२ साली एका शिकाऱ्याची कमाल संख्या पाचवरून चारवर आणली, हंगाम उशिरा सुरू केला आणि पहिले दहा दिवस खोटे पक्षी वापरायला बंदी घातली. हे खोटे पक्षी धनुर्धराला सर्वांत जास्त लागतात. त्यामुळे हा नियम त्याच्यावरच सर्वांत जड पडतो, आणि तो त्याने पाळायलाच हवा. हंगामाच्या सुरुवातीला दांडगे नर माद्यांपाशी राहावेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

बोस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणातून हे पक्षी रुबाबात चालत जातात. अनेकांनी त्यांचे फोटो नातेवाइकांना पाठवलेही असतील. तुम्ही त्यांच्यातले असाल तर फोटोच्या पुढचं एक काम करा. मॅसॅच्युसेट्सचा वन्यजीव विभाग दर वर्षी १ जून ते ३१ ऑगस्ट नागरिकांकडून टर्कीची मोजणी मागवतो. माद्या किती, त्यांच्या मागे पिल्लं किती, दाढीवाले नर किती. इतरही काही राज्यं अशी मोजणी करतात. शिकार करणारा असो की शिकारीला विरोध करणारा, पुढच्या वसंतात किती पक्षी मारू द्यायचे हे अशाच आकड्यांवरून ठरतं. मादीमागे एक पिल्लू दिसलं तर एक लिहा, एकही दिसलं नाही तर शून्य लिहा. तो शून्यही मोजणाऱ्यांना हवा असतो.